पेल्यासमोर बसून तो कुणाशी बोलतो? टँगोच्या शब्दांमागून ब्यूनस आयर्समध्ये सात दिवस

टँगो म्हटला की आपल्याकडे नाचणारं जोडपं आठवतं. शब्द कळून ही गाणी ऐकायला लागलं की ते जोडपं दिसेनासं होतं. उरतो एक माणूस, एक टेबल आणि एक पेला. बाई निघून गेलेली असते, किंवा इतक्या वर्षांनी दिसते की ती दिसली नसती तर बरं झालं असतं असं वाटतं. या गाण्यांत मजेखातर दारू प्यायली जात नाही. एकट्याला रात्र काढायची असते म्हणून ती प्यायली जाते, आणि तरीही रात्र सरत नाही.

गाणी वरवर सारखी वाटतात. ती वेगळी ओळखायची एक खूण आहे: पिणारा कुणाशी बोलतोय ते आधी शोधायचं. खोलीशी, वेटरशी, दोस्ताशी की वाद्याशी? पुढचे सात दिवस त्या प्रश्नाच्या मागून आखले आहेत. सुरुवात गुरुवारी करावी, कारण टँगोचा सर्वांत गाजलेला गायक कार्लोस गार्देल याचं घर मंगळवारी बंद असतं आणि सान तेल्मोचा बाजार रविवारीच भरतो.

निघण्याआधी दोन कामं उरकायची. पहिलं, पीतज्वराची लस. आर्जेन्टिना आणि ब्राझील दोन्ही देश भारताच्या पीतज्वराच्या यादीत आहेत. लशीचा दाखला टोचल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होतो आणि तो नसेल तर परतताना विमानतळावरून विलगीकरणात जावं लागतं. बहुतेक लोक व्हिसाच्या धावपळीत हेच विसरतात. दुसरं, गाण्यांचे शब्द कागदावर छापून घ्यायचे. शाळेतलं स्पॅनिश इथे निम्मंच कामाला येतं, कारण या गाण्यांत लुन्फार्दो आहे, बंदरावरच्या आणि चाळींतल्या लोकांची बोली. त्यात दारूच्या नशेला 'कुर्दा', झिंगलेल्याला 'मामाओ', एकट्याच्या खोलीला 'बुलीन', खाटेला 'कात्रेरा' आणि सोडून जाण्याला 'आमुरार'. एवढे पाच शब्द आले तरी पुष्कळ दारं उघडतात. उच्चाराचंही ध्यानात ठेवावं: पुस्तकात जिथे 'य' शिकवतात तिथे हे लोक 'श' म्हणतात. रस्त्याला 'काये' नव्हे, 'काशे'.

गुरुवार, आबास्तो

मुंबईहून थेट विमान नाही. आखाती देश किंवा आफ्रिका आणि पुढे ब्राझील असं करत पोचेपर्यंत दीड दिवस मोडतो, आणि घड्याळ साडेआठ तास मागे जातं. त्यामुळे पहिल्या दिवशी रात्रीचं काही ठरवू नये. एखाद्या कियोस्कोतून, म्हणजे छोट्या दुकानातून, बस-मेट्रोचं सुबे कार्ड घ्यावं, पैसे भरावेत (एकाच कार्डावर तिघं-चौघं एकामागून एक आत जाऊ शकतात) आणि मेट्रोच्या बी मार्गानं 'कार्लोस गार्देल' स्थानकावर उतरावं. ब्यूनस आयर्सचे लोक मेट्रोला 'सुब्ते' म्हणतात. समोर आबास्तोची भव्य कमानदार इमारत दिसते. १९३४ साली बांधलेला हा भाजीपाल्याचा घाऊक बाजार, आता त्यात मॉल आहे.

तिथून चालत जाँ जोरेस रस्त्यावर ७३५ क्रमांकाचं घर. गार्देलनं ते १९२७ साली आईसाठी घेतलं. घराची ठेवण पाहण्यासारखी आहे: एका बाजूला लांबट अंगण आणि दुसऱ्या बाजूला ओळीनं एकामागून एक खोल्या. इथले लोक या ठेवणीला 'सॉसेजचं घर' म्हणतात. गरिबांच्या वस्तीत अशाच रांगेतल्या एकेका खोलीत एक अख्खं कुटुंब, नाहीतर चार एकटे पुरुष राहत.

'मी नोचे त्रिस्ते', म्हणजे 'माझी उदास रात्र', ऐकायला हीच जागा. सामुएल कास्त्रिओताचा 'लिता' नावाचा बिनशब्दांचा टँगो होता. त्यावर पास्कुआल कोन्तुर्सीनं शब्द बसवले आणि गार्देलनं १९१७ साली ते ध्वनिमुद्रित केलं. त्याआधीही टँगोला शब्द असत, पण ते बहुधा फुशारकीचे, नाहीतर चावट. दुःख सांगणारा टँगो इथून सुरू होतो असं धरतात.

गाण्यातला माणूस सोडून गेलेल्या बाईला हाक मारतो खरा, पण शब्द नीट वाचा, तो सगळा वेळ खोलीतल्या वस्तूंकडे पाहत असतो. झोपताना दार उघडं ठेवतो, ती परत आली तर असावं म्हणून. 'माते' या इथल्या पाल्याच्या चहाबरोबर खायला बिस्किटं आणतो, ती असताना आणायचा तशीच. खाट दोघांना न पाहून रुसते. आरसा धुरकटलाय, जणू रडून झालाय. गिटार कपाटात टांगलेली आहे, तिच्या तारांना कुणी हात लावत नाही. आणि दिवा, तोही आज उजेड द्यायला तयार नाही. पिण्याचा उल्लेख एका ओळीपुरता, तोही 'म्हणून पितो' इतक्याच वजनाचा. पुढच्या चाळीस वर्षांत टँगोत जी दारू वाहिली तिचा उगम या एका ओळीत आहे, आणि तिथे पेल्यापेक्षा बिस्किटं जास्त लागतात मनाला.

शुक्रवार, कोरिएन्तेस

बी मार्ग कोरिएन्तेसच्या खालूनच जातो. 'कायाओ' स्थानकाला उतरून ओबेलिस्क या उंच स्मारकस्तंभाच्या दिशेनं चालावं. १९३६ साली रुंद होईपर्यंत हा अरुंद रस्ता होता. आज तो महामार्गासारखा झाला तरी जुनी माणसं त्याला 'काशे कोरिएन्तेस'च म्हणतात.

दुपारचं जेवण गेरीन या पिझ्झाच्या दुकानात, काउंटरवर उभ्यानं. मागायचं ते असं: मोझारेलाचे दोन तुकडे, एक फाइना आणि एक पेला मोस्कातो. फाइना म्हणजे हरभऱ्याच्या पिठाची भट्टीत भाजलेली जाड पोळी, चवीला आपल्या पिठल्याच्या वडीच्या जवळची. ती पिझ्झ्यावर ठेवून खायची, याला 'घोड्यावर' म्हणतात. मोस्कातो ही गोड वाइन. इटालियन मजुरांनी आणलेलं हे जेवण नाटकं सुटल्यावर रात्री एकलाही मिळतं, म्हणून टँगोच्या माणसांचं ते जेवण झालं.

पुढे एल नासिओनाल नाट्यगृह. आल्बेर्तो वाकारेसा 'साइनेते' लिहायचा, चाळीच्या अंगणात घडणारी छोटी नाटकं. त्यातल्या एकासाठी १९२१ साली त्यानं 'ला कोपा देल ओल्बिदो', म्हणजे 'विसरण्याचा पेला', लिहिलं. चाल एन्रिके देल्फिनोची. इथे माणूस खोलीतून बाहेर आलाय. तो वेटरला हाक मारतो, आणखी एक पेला मागवतो आणि दुकानातल्या सगळ्यांना म्हणतो की ज्याला हवं त्यानं घ्या, मी फार एकटा आहे. पैसे हा देणार, त्या बदल्यात ऐकायला माणसं हवीत. त्यानं तिला दुसऱ्याबरोबर पाहिलंय. विसर म्हणाल, तर विसरता येत नाही. मारीन म्हणावं, तर तिच्यावाचून जगता येणार नाही. पेल्यातून सुटका नाही हे त्याला पिण्याआधीच माहीत आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. या गाण्यांत बाईला मारण्याची भाषा सहज येते आणि तिची बाजू कुणी विचारत नाही. गाणं सुंदर आहे म्हणून त्यावर पांघरूण घालू नये. ऐकताना ते ऐकू यायलाच हवं.

संध्याकाळी एस्मेराल्दा रस्त्यावरच्या मायपो नाट्यगृहासमोर थांबावं. १९२८ साली एन्रिके सान्तोस दिसेपोलोचं 'एस्ता नोचे मे एम्बोर्राचो', म्हणजे 'आज रात्री पिऊन पडणार', इथे आसुसेना मायसानीनं पहिल्यांदा गायलं. पुरुषाचे शब्द, बाईचा गळा. पहाटे काबारेतून बाहेर पडणारी एक थकलेली, उतरलेली बाई गाण्यातल्या माणसाला दिसते. दहा वर्षांपूर्वी हिच्यापायी त्यानं आईच्या तोंडचा घास काढून घेतलेला असतो. तो तिच्या सुरकुत्या निर्दयपणे मोजतो, आणि मग आज इतकी पिणार की विचारच येणार नाही, असं ठरवतो. गाणं त्याच्या पिण्याचं असलं तरी पहिला शब्द 'सोला' आहे, म्हणजे 'एकटी'. एकटेपणा आधी तिच्या वाट्याला आलाय. दिसेपोलोनं एका शब्दात तिची बाजू ठेवून दिली, असं आम्हाला वाटतं. आणि हा माणूस कुणाशीच बोलत नाही, इथे ऐकणाराच उरलेला नाही.

शनिवार, मिलोंगा

दिवसभर झोपावं. मिलोंगा, म्हणजे नाचाची सभा, सहसा रात्री अकराशिवाय रंगत नाही. सुइपाचा रस्त्यावरची १९१२ सालची 'कोन्फितेरिया इदेआल' पुन्हा दुरुस्त होऊन उघडली आहे. खांब, काचेचं छत आणि लाकूडकाम दिवसा कॉफी घेताना पाहून घ्यावं. रात्री नाचाला कुठल्याही चालू मिलोंगात जावं.

रीत समजली नाही तर रात्र वाया जाते. टँगो चार-चारच्या संचात वाजतात, याला 'तांदा'. वाल्सचे आणि मिलोंगा नावाच्या ठेक्याचे संच तीन-तीनचे. दोन तांदांमध्ये भलत्याच संगीताचा तुकडा वाजतो, तो पडदा. तेव्हा सगळे जागेवर जातात. नाचायला विचारायचं ते लांबून, नजरेनं आणि मान किंचित हलवून. टेबलापाशी जाऊन विचारलं तर समोरच्याला नकाराची सोय राहत नाही, म्हणून ते वाईट दिसतं. तांदा चालू असताना 'ग्रासिआस' म्हटलं की 'आता पुरे' असा अर्थ होतो. आपल्या सवयीनं पहिल्या गाण्यानंतर आभार मानले की जोडीदार चालू लागतो, आणि नवख्याला काय चुकलं ते कळतही नाही.

आणि जिथे पिण्याची गाणी वाजतात तिथे फारसं कुणी पीत नाही. टेबलावर पाणी, कॉफी, चौघांत एक शँपेनची बाटली. तासन् तास दुसऱ्याच्या मिठीत उभं राहायचं तर तोल आणि श्वास दोन्ही जागेवर लागतात.

'लोस मारेआदोस', म्हणजे 'झिंगलेली दोघं', वाजलं की उठून नाचू नका, बसून ऐका. हुआन कार्लोस कोबिआनची ही चाल १९२२ सालची, 'लोस दोपादोस' या नाटकातली. १९४२ साली एन्रिके कादिकामोनं तिला नवे शब्द दिले आणि आनिबाल त्रॉयलोच्या वाद्यवृंदाबरोबर फिओरेन्तिनोनं ती गायली. त्यात पेल्यासमोर दोघंही आहेत, आणि शब्द थेट तिच्याशी बोललेले आहेत. दोघांनी शँपेन घेतलीय, ती रडू नये म्हणून हसतेय, आणि आजपासून तू माझ्या भूतकाळात जाणार, असं तो तिला तोंडावर सांगतो. इतक्या गाण्यांत हे एकच जोडपं असं आहे की ज्यांचा निरोप समोरासमोर होतो.

१९४३ साली लष्करी सरकार आलं. रेडिओवर लुन्फार्दो नको, दारुडे नकोत, असा हुकूम निघाला. 'लोस मारेआदोस'चं नाव बदलून 'माझ्या भूतकाळात' झालं आणि शब्द धुऊन काढले गेले. १९४९ साली टँगोचे लेखक-संगीतकार राष्ट्राध्यक्ष पेरोनना भेटले, तेव्हा ही बंधनं सैल झाली. जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं: त्या मधल्या वर्षांतल्या ध्वनिमुद्रणात एखाद्या ओळीतून पेलाच गायब असेल तर छापील शब्दांत चूक नाही, गाणं बदललेलं आहे.

रविवार, सान तेल्मो

देफेन्सा रस्त्यावर सकाळी दहापासून बाजार. दुपारनंतर पाय ठेवायला जागा नसते, म्हणून लवकर यावं आणि पैशांचं पाकीट पुढच्या खिशात ठेवावं. प्लासा दोर्रेगोत सोडावॉटरच्या जुन्या निळ्या-हिरव्या बाटल्या, तबकड्या आणि क्वचित एखादं बँडोनिऑन, टँगोचं भात्याचं वाद्य, विकायला असतं.

या वस्तीत एकटे पुरुष आले कुठून, ते भिंती सांगतात. १८७१ सालच्या पीतज्वराच्या साथीनंतर श्रीमंत उत्तरेला गेले आणि त्यांची मोठी घरं खोलीखोलीनं भाड्यानं निघाली. युरोपातून बोटी भरून आलेले लोक त्यांत राहिले, बहुतेक तरुण आणि एकटे. १९१४ सालच्या जनगणनेत या शहरातले जवळजवळ निम्मे लोक परदेशात जन्मलेले होते. बायका मोजक्या, घर समुद्रापार, खोली अंधारी. मग कोपऱ्यावरच्या गुत्त्यात जाऊन उभं राहायचं.

तो गुत्ता कसा होता ते कार्लोस काल्वो आणि पेरू रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या 'एल फेदेराल'मध्ये थोडं कळतं. काउंटरवरची लाकडी कमान, रंगीत काचा, मधोमध घड्याळ. जुन्या गुत्त्यांत काउंटरवर कथलाचा पत्रा मढवलेला असे, म्हणून काउंटरलाच 'एस्तान्यो', कथील, म्हणायचे. 'कथलाचं शिक्षण घेतलेला माणूस' म्हणजे गुत्त्यात जग शिकलेला. गाण्यांत येते ती 'कान्या' म्हणजे उसाची कडक दारू, आणि 'हिनेब्रा' म्हणजे डच धाटणीची जिन. दोन्ही अंगठ्याएवढ्या पेल्यात, एका घोटात. आज दुपारी सोसेल असा पर्याय म्हणजे वेर्मू, मसाले मुरवलेली वाइन: पेल्यात बर्फ, त्यावर तिसऱ्या हिश्श्यापर्यंत वेर्मू, वर बाटलीच्या चापातून सोडा, एक फोड संत्र्याची. सोबत जैतूनं, चीज आणि शेंगदाणे आपोआप येतात. वाइन हवी असेल तर पेंग्विनच्या आकाराच्या चिनी मातीच्या सुरईत मागावी, चोचीतून ओततात.

सोमवार, आवेनीदा दे मायो

१८५८ सालच्या कॅफे तोर्तोनीबाहेर रांग असते. सकाळी उघडताच गेलात तर बसायला मिळतं. बसल्यावर 'काफेतीन दे ब्युएनोस आइरेस' ऐकावं, १९४८ सालचं, मारियानो मोरेसची चाल आणि दिसेपोलोचे शब्द. पोरगा बाहेरून काचेला नाक चिकटवून आत पाहतो. मोठा होऊन आत बसतो तेव्हा तो कॅफेलाच आईच्या जागी धरून बोलतो. इथली टेबलं काही विचारत नाहीत, म्हणून तिथे रडता येतं. शेवटी त्यानं आयुष्याची वर्षंच पिऊन टाकलेली असतात.

पाऊस असेल तर छत्री मिटून घ्यावी आणि चार चौक चालावं. इथल्या झिमझिम पावसाला 'गारुआ' म्हणतात; त्रॉयलो-कादिकामोचं १९४३ सालचं गाणं याच नावाचं. त्यात पेला नाही, नुसती ओली फरसबंदी आणि मध्यरात्र.

मंगळवार, बोएदो

ई मार्गानं 'बोएदो'. सान हुआन आणि बोएदो रस्त्यांचा कोपरा ओमेरो मान्सीच्या 'सूर', म्हणजे 'दक्षिण', या गाण्याच्या पहिल्याच ओळीत आहे. त्रॉयलोची चाल, साल १९४८. लोहाराचा कोपरा, चिखल, मोकळं माळरान, सगळं गेलं. गाणारा एका बाईशी बोलतो, पण दुःख अख्ख्या वस्तीचं आहे. याही गाण्यात दारू नाही. एकटेपणा आणि दारू टँगोत नेहमी जोडीनंच येतात असं मानणाऱ्यांनी 'सूर' आणि 'गारुआ' आधी ऐकावीत.

संध्याकाळ मात्र राखून ठेवायची. छोट्या कॅफेत बँडोनिऑन वाजणार असेल तिथे पुढची खुर्ची धरावी आणि वादकाचे हात पाहावेत. जर्मनीहून आलेलं हे वाद्य आपल्या पेटीच्या कुळातलं: हवेनं थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्या. पण पेटीत पट्टी दाबली की भाता कसाही हलो, स्वर तोच. बँडोनिऑनला उजव्या हाताला ३८ आणि डाव्या हाताला ३३, अशी ७१ बटणं. तेच बटण भाता उघडताना एक स्वर देतं आणि मिटताना दुसरा, म्हणजे एकूण १४२ स्वर. बटणंही क्रमानं नाहीत. वादकाला प्रत्येक हाताची दोन-दोन कोष्टकं पाठ लागतात. म्हणून बरेचजण मोठी ओळ उघडतानाच वाजवतात आणि मग झडप दाबून हवा एकदम सोडून देतात. ती सोडताना जो सुस्कारा येतो तो स्वर नसतो, तरी पहिल्या रांगेत ऐकू येतो.

तो सुस्कारा ऐकल्यावर 'ला उल्तिमा कुर्दा' ऐकावं, 'शेवटची नशा'. १९५६, त्रॉयलोची चाल, कातुलो कास्तिशोचे शब्द, एदमुन्दो रिवेरोचा खोल गळा. इथे पिणारा बँडोनिऑनशीच बोलतो. तुझा घोगरा शाप मला लागतोय म्हणतो, तुझी शिक्षा सांग, तुझं अपयश सांग म्हणतो. बाई जवळजवळ नाहीच. बाहेर सूर्य उगवायला लागलाय, तर ती खिडकी बंद करा. नशा शेवटी काळजावर पडदा ओढते आणि खेळ संपतो. १९१७ साली ज्याच्याकडे निदान बिस्किटं होती आणि दार उघडं होतं, तो इथे खिडकी लावून घ्यायला सांगतो. हे गाणं नाचासाठी नाही. ताल इतका थांबत-रेंगाळत चालतो की पाऊल टाकायला जागा नाही. मिलोंगात ते मागू नये.

बुधवार, चाकारिता

पुन्हा बी मार्ग, 'फेदेरिको लाक्रोसे' स्थानक. समोरच दफनभूमीचं मोठं दार. आत रस्ते आणि चौक आहेत, अक्षरशः शहर. दारावर 'गार्देल' एवढं विचारलं की दिशा दाखवतात. फुलंही बाहेरच घ्यावीत, लाल कार्नेशन.

गार्देल २४ जून १९३५ रोजी कोलंबियातल्या मेदेयीनच्या विमान अपघातात गेला. शव इथे पोचायला पुढचं वर्ष उजाडलं. अपघाताच्या आदल्या रात्री बोगोतामध्ये रेडिओवर त्यानं शेवटचं गाणं गायलं ते 'तोमो इ ओब्लीगो', १९३१ सालचं, चाल त्याची, शब्द मान्वेल रोमेरोचे. नाव म्हणजे पिणाऱ्यांचा जुना संकेत: मी घेतो आणि तुलाही घ्यायला लावतो. समोर दोस्त आहे. पुरुषानं रडू नये असं गाणारा त्याला सांगतो, आणि तेच सांगताना त्याचा गळा भरून येतो. दोस्त काय म्हणतो ते गाण्यात नाही.

थडग्यावर सूटबूट घातलेला पूर्ण उंचीचा ब्राँझचा गार्देल हसत उभा आहे. भोवती देशोदेशीच्या चाहत्यांनी लावलेले पितळी फलक. कोटाच्या भोकात कुणीतरी कार्नेशन खोचलेलं असतं. उजव्या हाताच्या दोन बोटांमध्ये थोडी फट आहे. लोक सिगारेट पेटवतात, एक झुरका घेतात आणि त्या फटीत अडकवतात. वारा नसेल तर ती शेवटपर्यंत जळते, एका टँगोपेक्षा बराच जास्त वेळ. चार पावलं मागे सरून उभं राहावं आणि ती विझेपर्यंत थांबावं, इथे येणारी माणसं तसं करतात.